बॅडनेस दहा हजार

जगात भिण्यासारख्या जेवढ्या गोष्टी देवाने आणि माणसाने मिळून तयार केल्या आहेत, त्या सगळ्यांना माझे सासरे भीत. आणि ज्या अजून तयार व्हायच्या होत्या, त्यांना ते आगाऊ भिऊन ठेवत. विंचवाला, विजेला, पोलिसाला कोणीही भिईल, त्यात विशेष काही नाही. पण बाबा नव्या चपलेला भीत, कारण ती घसरवते. अनोळखी न्हाव्याला भीत, कारण वस्तरा त्याच्या हातात आणि मान आपली. फणसाच्या झाडाखालून जायचं असलं तर रस्ता बदलत. आणि "सहज आलो होतो" म्हणत दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला तर ते फारच भीत. "सहज कोनी येत नसते, सूनबाई," ते आत येऊन मला हळूच सांगत, "काहीतरी झालं असन. तू चहा ठेव, मी त्याचा चेहरा पाहून येतो." स्वयंपाकघरात कुकर चढला की बाबा अंगणात. शेवटची शिट्टी होऊन वाफ पूर्ण जाईपर्यंत ते तुळशीपाशी उभे राहत आणि तिथूनच आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारत, "उतरला का वो?" मी लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला आले तेव्हा मला वाटलं, सासरे रोज स्वयंपाकाच्या वेळी तुळशीचं ध्यान करतात. इतक्या धार्मिक घरात पडले म्हणून मी माहेरी कौतुकाने फोनही केला होता.

गंमत म्हणजे या माणसाने अख्खी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून केली. डोंगरगडच्या जंगलातून गाडी चाललेली, इंजिन पुढे कुठेतरी दिसेनासं झालेलं, आणि शेवटच्या डब्यात हा एकटा माणूस हातात कंदील घेऊन बसलेला. "तेव्हा भीती नाही वाटायची का हो, बाबा?" मी एकदा विचारलं. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी विचारलंय की तेव्हा श्वास घेत होता का. "वाटायची न! म्हणून त गाडी सुखरूप आली. जो भीत नाही, त्याच्या हाती कधी गाडी देऊ नये." नोकरी संपली तरी त्यांच्या खिशात एक मोठा लाल रुमाल कायम असे. सदर बाजारात रस्ता ओलांडायचा असला की ते रुमाल झटकून हात लांब धरत आणि येणाऱ्या स्कूटरी थांबवून, दोन्ही बाजू पाहून, मग पाय टाकत. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं, तसा गावात लाल दिव्याच्या गाड्यांचा सुळसुळाट झाला होता. एकदा बाबांच्या रुमालापुढे अशीच एक पांढरी गाडी करकचून थांबली. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "क्या हुआ चाचा, आगे रास्ता बंद है क्या?" घाबरून बाबांच्या तोंडून "हव", म्हणजे हो, असं निघालं. गाडी वळून गेली. आत कोण होतं ते कधीच कळलं नाही, पण बाबा त्यानंतर बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत आणि कोणी ओळखू नये म्हणून दाढी वाढवून बसले. "राजधानी झाली न बाप्पा," ते म्हणत, "आता रस्त्यात कोन कोनाचा मानूस आहे, समजत नाही."

अशा माणसाच्या हाती माझा पीएच.डी.चा प्रबंध गेला.

मी एका कॉलेजात गणित शिकवत होते, तेही कंत्राटावर. पीएच.डी. झाली तर नोकरी पक्की होण्याची आशा होती, आणि नाही झाली तर पुढच्या जूनमध्ये घरी बसायचं हे ठरलेलं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. त्यातच आमची मुलगी झाली. आमचे हे भिलाईला नोकरीला, रविवार असो की सण, दिवस उजाडला की जात आणि अंधार पडल्यावर येत. पोरगी अशी की मांडीवरून खाली ठेवली की घर डोक्यावर घ्यायची. आणि माझ्या गाईड सरांचा हुकूम होता की प्रबंध लेटेकमध्येच झाला पाहिजे. लेटेक म्हणजे गणिताची समीकरणं सुरेख छापून देणारी एक व्यवस्था. त्यात आपण पान सजवत नाही. साध्या फाईलीत सूचना लिहीत जातो, आणि मग कंपाइलचं बटण दाबलं की त्यातून सुबक पानं तयार होऊन येतात. रंग हवे असतील, आकृत्या हव्या असतील, हिंदी अक्षरं हवी असतील, तर त्या त्या कामाचं तयार पॅकेज फाईलीच्या सुरुवातीला बोलवावं लागतं. ही पॅकेजं आपापल्या जागी गुणी असतात, पण कधी कधी दोघांना एकच काम आपापल्या पद्धतीने करायचं असतं. मग ती भांडतात, आणि भांडली की पान निघत नाही. बाबांना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नावातच लेट आहे. ही गाडी टायमावर काय येते?"

तरी कामाला हात त्यांनीच लावला, आणि तोही भीतीपोटीच. एका दुपारी मी पोरीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने टाइप करत होते. बाबा दारात उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना. "एक त पोट्टी पडन, नाही त कम्प्युटर पडन," ते म्हणाले, "तू पोट्टी धर. टायपिंग मी करतो. रेल्वेत एवढे रिपोर्ट टाइप केले मी." तेव्हापासून मी कागदावर हाताने लिहून द्यायची, आणि बाबा चष्मा नाकावर घेऊन दोन बोटांनी ते जसंच्या तसं फाईलीत उतरवायचे. त्यातलं गणित त्यांना कळत नव्हतं आणि इंग्रजीही बेताचंच, पण लेटेकच्या प्रत्येक आज्ञेआधी येणारी तिरपी रेघ त्यांनी मनावर घेतली होती. तिला ते 'उलटा डंडा' म्हणत. जे काही सुरू केलं ते बंद करावं लागतं असं मी सांगितलं, तर सुरुवात करून विसरलो तर काय, या धास्तीने ते आधी शेवट टाइप करत, मग वर जाऊन सुरुवात, आणि मग मधला मजकूर. प्रत्येक ओळीनंतर कंपाइल. मी म्हणायची, बाबा, पानभर झाल्यावर करा. ते म्हणायचे, "एवढा उशीर कोन थांबते?"

कंपाइल करताना ते यंत्र काळ्या खिडकीत इंग्रजीत काहीबाही बोलत राहतं. बाकीचे लोक त्याकडे पाहतही नाहीत. बाबा एकेक अक्षर लावून वाचत. एका दिवशी त्यांना दिसलं, 'बॅडनेस दहा हजार'. एखाद्या ओळीत शब्द फार विरळ पसरले तर लेटेक असं म्हणतं. पान छापायला त्याने काही अडत नाही. पण बाबांनी मला विचारलंच नाही. ते दुपारी जेवले नाहीत, आणि संध्याकाळी आईंजवळ जाऊन बसले. "कावो, मी आयुष्यात कोनाचं वाईट केलं का?" आईंनी भाजी निवडता निवडता विचार केला. "माझ्या बहिनीच्या लग्नात मंडप पडन म्हनून तुम्ही रस्त्यावर पंगत मांडून जेवले होते. तेवढं सोडलं त नाही." मी हसत हसत खुलासा केला, तेव्हा कुठे त्यांना घास गेला, तरी पुढे रोज काम संपवताना ते बॅडनेसचा आकडा पाहून उठत. "आज फक्त तीन हजार, सूनबाई. सुधारून राहिलो." आणि ज्या दिवशी एका चुकीपाशी लेटेक अडलं आणि त्या खिडकीत 'इमर्जन्सी स्टॉप' ही अक्षरं उमटली, त्या दिवशी तर हा रेल्वेचा माणूस खुर्ची मागे ढकलून धावत गेला आणि त्याने घराचा मेन स्विचच खाली ओढला. आईंचा मिक्सर थांबला, पंखे थांबले, पोरगी दचकून उठली. "काय झालं?" आई ओरडल्या. बाबा स्विच तसाच खाली दाबून धरून उभे होते. "स्टॉप म्हनलं न बाप्पा त्यानं! इमर्जन्सी म्हनलं!"

बाबांना लेटेकपेक्षा जास्त भीती एकाच गोष्टीची होती, ती माझ्या गाईड सरांची. त्यांनी सरांना पाहिलेलं नव्हतं, फक्त फोनवरचा आवाज ऐकला होता. तो आवाज खरंच असा होता की फोन कानापासून दूर धरला तरी घरभर ऐकू जाई. "मैडम, ये चैप्टर चार कब तक चलेगा?" सरांचा फोन आला की बाबा खुर्चीतून उठून उभे राहत आणि शर्टाचं वरचं बटण लावत. खरं सांगायचं तर मीही उभी राहायची.

प्रबंध पुरा झाला त्याच आठवड्यात सरांनी विद्यापीठाच्या नव्या नमुन्याची एक फाईल पाठवली. पहिलं पान कसं हवं, समास किती, सुरुवातीला हिंदीत सारांश, हे सगळं त्या फाईलीत बसवलेलं होतं. "इसको सबसे ऊपर जोड़ दीजिए, बस. सोमवार को जमा." काम म्हणजे एक ओळ वाढवायची होती. रविवारी सकाळी बाबांनी आंघोळ केली, हात जोडले, आणि मी बाजूला बसलेली असताना ती ओळ टाइप केली. कंपाइलचं बटण दाबलं. काळी खिडकी भरभर वर सरकली आणि थांबली. 'ऑप्शन क्लॅश' असं काहीतरी लिहिलेलं होतं, आणि पान एकही नाही. काल संध्याकाळी याच फाईलीतून सबंध प्रबंध बाहेर आला होता.

"मी एकच ओळ टाकली, सूनबाई," बाबा म्हणाले. त्यांची बोटं की-बोर्डच्या वर तशीच अधांतरी राहिली होती. "तुझ्यासमोर टाकली."

"काही नाही बाबा, काढून टाका ती ओळ. होतं तसं होईल."

त्यांनी ती काढली. पुन्हा कंपाइल केलं. तरीही पान नाही; उलट आता भलतीच चूक, आधी कधी न पाहिलेली. ओळ टाकली तरी बिघडतं आणि काढली तरी बिघडतं. उद्या सोमवार. माझे धाकटे दीर तेवढ्यात डोकावले. ते इथेच लहानाचे मोठे झालेले, मराठी सगळं कळतं पण बोलतात हिंदीतच. "भाभी, टेंशन मत लो. पूरा फॉर्मेट मारके सब नया डाल देते हैं." फॉर्मेट हा शब्द बाबांना माहीत होता. शेजारच्या घरी कोणीतरी कम्प्युटर फॉर्मेट केला आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले होते. बाबा सावकाश खुर्चीवरून उठले, खुर्ची नीट आत सरकवली, आणि खोलीबाहेर गेले. मी मागे वळूनही पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष पडद्यावर होतं.

पोरीला आईंकडे दिलं आणि दिरांना बाहेर पाठवून मी एकटी बसले. नमुन्याची ती ओळ परत टाकली आणि आधी पहिल्या चुकीच्या मागे लागले. अशा वेळी एकच उपाय असतो, तो म्हणजे फाईल अर्धी अर्धी करत जायचं. ओळीपुढे टक्क्याची खूण केली की लेटेक ती ओळ वाचत नाही. अर्ध्या ओळींना खुणा केल्या, चूक राहिली. उरलेल्यांतल्या अर्ध्यांना केल्या, चूक गेली. असं करत करत दोन पॅकेजांवर येऊन थांबले. मला तक्त्यांना रंग द्यायचे होते म्हणून मी रंगाचं पॅकेज माझ्या अटीवर, म्हणजे एक ऑप्शन जोडून, बोलावलं होतं. विद्यापीठाच्या फाईलीनेही तेच पॅकेज आधीच बोलावलेलं, पण विनाअट. तोच पाहुणा दोन यजमानांनी दोन वेगळ्या निमंत्रणांवर बोलवावा तसं झालं होतं. माझी अट फाईलीच्या अगदी डोक्यावर, सगळ्यांच्या आधी लिहून ठेवली, तेव्हा ते भांडण मिटलं. मग हिंदी सारांशाची अक्षरं अडली. अक्षरं वाचण्याची जुनी पद्धत आणि नवी पद्धत दोन्ही एकाच वेळी चालू होत्या, त्यातली जुनी काढली. एवढं होऊनही ती भलती चूक जाईना. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात लक्षात आलं की कंपाइल करताना लेटेक पुढच्या वेळेसाठी आपली टिपणं एका वेगळ्या फाईलीत काढून ठेवतं. सकाळच्या भांडणातला अर्धवट मजकूर त्यात तसाच पडला असेल. ती फाईल पुसायला हवी होती. आमच्या घरात बाबांनी त्या कम्प्युटरमधलं काहीही पुसायची बंदी केली होती. माझं बोट डिलीटच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. आपलं चुकलं असेल तर? भलतंच काही गेलं तर? बाबांची भीती माझ्या बोटात उतरली होती. मी डोळे मिटून बटण दाबलं.

कंपाइल केलं, आणि काळ्या खिडकीत पानांचे आकडे धावायला लागले. एक, दोन, तीन, सारांश, प्रकरण पहिलं, दुसरं. सगळा प्रबंध आला.

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, आलं! या लवकर!"

कोणी आलं नाही. मी अंगणात गेले, तिथे नव्हते. चपला नव्हत्या. आई म्हणाल्या, "मले काही बोलले नाही." बाबा कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी कुठून जाणार, कुठून येणार, हे सांगून जात. उशीर झाला तर कुठे शोधायचं तेही सांगून जात. मग मला त्यांचा मोबाइल दिसला. तो भिंतीपाशी चार्जिंगला लावलेला होता आणि बटण चालू होतं. चार्जरच्या शेजारी पाट टाकून, बॅटरी भरेपर्यंत तिच्यावर नजर ठेवणारा हा माणूस बटण चालू ठेवून निघून गेला होता.

दीर मोटारसायकल घेऊन स्टेशनकडे गेले. मी आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळांतून, ओळखीच्या घरांतून, किराणा दुकानातून विचारत फिरले. "सुबह दिखे थे, दीदी, जल्दी-जल्दी जा रहे थे," किराणावाला म्हणाला, "मैंने आवाज भी दी, पर सुना नहीं." घरी परतले तर आई पोरीला छातीशी घट्ट धरून उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत फार हळू आवाजात विचारलं, "लाइनीकडे त नाही गेले न?"

गार्डच्या नोकरीत बाबांनी रुळांवर काय काय पाहिलं होतं, ते आईंना ठाऊक होतं. घरात ते कोणी बोलून दाखवत नसे. प्रबंध, नोकरी, सोमवार, सगळं एकदम इतकं क्षुल्लक वाटायला लागलं की ती पानं परत पुसून टाकली तरी चालतील, फक्त हा माणूस दारात उभा राहावा. आई तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होत्या आणि एकाच ओळीशी येऊन पुन्हा पुन्हा अडखळत होत्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गाईड सरांचा. मी उभी राहिले. पण सरांचा आवाज आज वेगळाच होता, दबका, कोणी ऐकेल अशा धाकातला. "मैडम, एक बुज़ुर्ग सुबह से हमारे गेट के सामने बैठे हैं. कहते हैं आपके ससुर हैं. अंदर आते नहीं, जाते भी नहीं. आप ज़रा आ जाइए." मी फोनवर हात ठेवून आईंना सांगितलं, "सापडले." आईंनी आधी देवाला हात जोडले, मग डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या, "घरी येऊ दे त्याहीले. मी पाहते."

सर शंकरनगरला राहत, रेल्वेलाइनच्या पार पलीकडे. पत्ता बाबांनी केव्हाच माझ्या वहीतून उतरवून ठेवला होता, कधी लागला तर म्हणून. दिरांच्या मागे बसून तिथे पोचेपर्यंत मला एकच प्रश्न पडला होता: मधले सगळे चौक या माणसाने एकट्याने ओलांडले कसे? सरांच्या बंगल्यासमोर नालीवर एक छोटी पुलिया होती, तिच्यावर बाबा बसले होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, घामाने पाठ भिजलेली, हातात तो लाल रुमाल घट्ट मुठीत. समोर सर उभे होते, लुंगी-बनियानवर, हातात पाण्याचा ग्लास. मी सरांना कधी लुंगीत पाहिलं नव्हतं. बाबांनी मला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले, जणू कोर्टात साक्षीला उभे आहेत.

"साहब, ये बच्ची आ गई. इसके सामने बोलता हूँ," ते सरांना म्हणाले. "लाइन मैंने टाइप की. मेरे हाथ से बिगड़ा. इसका साल मत बिगाड़ना. जो सज़ा है, मेरे नाम पर लिखो."

"बाबा, झालं ते," मी म्हटलं. "सगळी पानं आली. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. पॅकेजांचं भांडण होतं."

बाबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आ गया?" सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. "सच में आ गया? कैसे?" मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नमुन्याची ती फाईल सरांनीच कोणाकडून तरी तयार करून घेतली होती आणि विद्यापीठाला दिली होती. ती जोडली की प्रत्येकाचं काम अडत होतं, आणि सकाळपासून सरांना विद्यार्थ्यांचे फोनवर फोन येत होते. ते उचलत नव्हते. आणि अशात पडद्याआडून त्यांना दिसलं की एक अनोळखी म्हातारा, गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात लाल फडकं घेऊन समोरच्या पुलियावर येऊन बसलाय आणि बंगल्याकडे एकटक पाहतोय. सरांना वाटलं, कोणा विद्यार्थ्याचा बाप भांडायला आला. बाबांना बेल वाजवायची हिंमत होत नव्हती आणि सरांना दार उघडायची. ऊन चढत गेलं, आणि गेटच्या दोन बाजूंना ही दोन माणसं एकमेकांना भीत बसून राहिली. शेवटी सरांच्या पत्नीने ग्लास हातात देऊन त्यांना बाहेर ढकललं होतं.

सरांनी बाबांना आत नेलं, पंख्याखाली बसवलं. पंखा फार हलतोय असं म्हणून बाबा जरा बाजूला सरकून बसले. मी सरांच्याच कम्प्युटरवर त्यांना ती वरची ओळ लिहून दाखवली, जुनी टिपणं कुठली पुसायची तेही दाखवलं. सर फाईल पुसताना थबकले. "कुछ होगा तो नहीं?" तेव्हा बाबा लांबूनच म्हणाले, "हमारी सूनबाई ने किया है न साहब. दबाओ." त्यांनी आयुष्यात कोणाला दिलेला तो बहुधा एकमेव धीट सल्ला.

घरी आल्यावर आईंनी रागवायचं ठरवलं होतं, पण बाबांना पाहून तो राग तसाच राहिला. त्यांनी ताट वाढलं आणि जेवण होईपर्यंत पंख्याने वारा घालत समोर बसून राहिल्या. बाबा एवढंच म्हणाले, "बसने गेलो असतो त ब्रेक फेल झाला असता. म्हनून चालत गेलो." सोमवारी प्रबंध जमा झाला. आभाराच्या पानावर मला त्यांचं नाव घालायचं होतं, पण ते ऐकेनात. "उद्या चौकशी झाली त? नाव लिहिलेलं कागदावरून निघत नाही, सूनबाई." मग मी 'घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे' एवढंच लिहिलं, तर त्यातून आपण ओळखू येऊ का, म्हणून ते दोन दिवस अस्वस्थ होते. तोंडी परीक्षेच्या दिवशी ते दालनाबाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर येऊन "झालं" म्हटलं तेव्हा ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हळू बोल. कोनी परत घेतील." नोकरी पक्की झाली. मुलगी मोठी झाली. ती आजोबांना हिंदीत दटावते आणि ते मराठीत ऐकतात.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गेल्या काही काळात बाबांचं भिणं ओसरत गेलं. आधी आम्हाला बरंच वाटलं. म्हातारपणी का होईना, माणूस निवांत झाला असं आई म्हणाल्या. मग एकदा ते भर पावसात विजा होत असताना गच्चीवर उभे सापडले, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं त्याने आमचं सगळं घर भित्रं झालं. भ्यायलासुद्धा आठवण लागते, हे मला तेव्हा कळलं. मागच्या महिन्यात मी त्यांना संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला नेलं होतं. तिथे बदकाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी आहेत. त्या पाहून ते लहान मुलासारखे हट्ट धरून बसले, बोटीत बसायचंच. मला पोहता येत नाही. तरी बसले. बोट काठापासून सुटली, पाण्यावर दिवे हलत होते, आणि बाबा मजेत पाय मारत होते. मी एका हाताने बोटीची कड आणि दुसऱ्या हाताने मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला होता. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, अगदी अदबीने, अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

"तुम्ही भिऊन राहिल्या काय, बाई?" ते म्हणाले. "भिऊ नका. पानी चांगलं आहे."

मी म्हटलं, "नाही भीत, बाबा." आणि बोट काठाला लागेपर्यंत त्यांचा शर्ट सोडला नाही.